नवा विषय त्यांना नकोच आहे

नमस्कार सर,

शाळांमध्ये हवामान बदल नीट शिकवला जावा म्हणून मोहीम चालवणाऱ्या मुलामुलींवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि तितक्याच स्पष्टपणे विरोधही नोंदवलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पर्यावरण पाठ्यपुस्तकात आहेच, त्यात आणखी भर घालणं म्हणजे दप्तराचं ओझं वाढवणं. कोवळ्या वयात जगबुडीच्या गोष्टी सांगून मुलांना घाबरवू नये. आणि काय शिकायचं हे विद्यार्थ्यांनी ठरवायचं नसतं, ते जाणकारांचं काम. इतकी वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाचे हे आक्षेप आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

‘पुस्तकात आहेच’ हा तुमचा पहिला मुद्दा. पण किती आहे, कुठे आहे आणि कसं आहे? युनेस्कोने २०२१ मध्ये १०० देशांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडे तपासले. त्यातल्या जवळपास निम्म्या आराखड्यांत हवामान बदलाचा साधा उल्लेखही नव्हता. जिथे तो असतो, तिथे बहुतेकदा वर्षाच्या शेवटी, घाईघाईने उरकायच्या धड्यात असतो. परिणाम काय होतो ते तुम्हीही उत्तरपत्रिकांमध्ये पाहिलं असेल. ओझोनच्या थराला भोक पडलं, त्यातून जास्त ऊन आत आलं आणि पृथ्वी तापली, असं मुलं बिनधास्त लिहितात. हा घोटाळा एका वर्गापुरता किंवा एका देशापुरता नाही, जगभरच्या शिक्षण संशोधकांनी तो नोंदवून ठेवला आहे. ओझोनचा थर विरळ होणं आणि पृथ्वी तापणं ही दोन वेगळी संकटं, त्यांची दोन वेगळी कारणं, आणि मुलांच्या डोक्यात त्यांचा एकच काला.

उपायांचंही तेच. कॅनडातल्या माध्यमिक शाळांची दहा विज्ञान पाठ्यपुस्तकं संशोधकांनी तपासली, त्याचा निबंध २०१७ मध्ये आला. गाडीविना जगणं, विमानप्रवास टाळणं अशा, उत्सर्जनात खरोखर मोठी घट करणाऱ्या कृती पुस्तकांनी सुचवलेल्या एकूण कृतींपैकी फक्त ४ टक्के होत्या. बाकी भर कचऱ्याचं वर्गीकरण आणि दिवे बंद करणं यांसारख्या गोष्टींवर. त्या वाईट नाहीत, पण मुलाला प्रश्नाचा आकारच कळत नाही. वीज कशापासून बनते, सिमेंट आणि पोलाद तयार होताना काय होतं, हे माहीत नसलेल्या मुलाला ‘दिवा बंद कर’ एवढंच सांगणं मला अप्रामाणिक वाटतं.

तुम्ही विचारलंत, मग वेगळं शिकवायचं ते काय? मौना लोआचा आलेख फळ्यावर काढून बघा. हवाई बेटावरच्या या ज्वालामुखीवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेला आहे. रेषा वर चाललीय हे पहिल्या नजरेत कुणालाही दिसतं. पण ती सरळ जात नाही. करवतीच्या दात्यांसारखी दरवर्षी मे महिन्यापर्यंत चढते आणि पुढे सप्टेंबरच्या सुमारास तळाला येते. असं का, हा प्रश्न मुलांवर सोडून द्यायचा. थोडा वेळ दिला की कुणीतरी झाडांपर्यंत पोचतंच. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, त्यामुळे वनस्पतीही जास्त. तिथल्या उन्हाळ्यात त्या वाढतात तेव्हा हवेतला कार्बन ओढून घेतात आणि हिवाळ्यात पानं कुजली की तो परत सुटतो. एका आलेखात जीवशास्त्र आलं, भूगोल आला, सरासरी आणि चढउतार म्हणजे गणितही आलं.

मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, वाढलेला कार्बन कोळशा-तेलातूनच आला कशावरून? याचं उत्तर तर फार देखणं आहे. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या इंधनात तो उरलेलाच नसतो. म्हणजे ते इंधन जाळलं की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण विरळ व्हायला हवं. ते तसं झाल्याचं शास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या लाकडातून दाखवून दिलं. ‘कारणे द्या’ म्हणून पाठ केलेल्या चार ओळींत आणि या तर्कात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता ओझ्याचा मुद्दा. तुमची काळजी रास्त आहे आणि तासिका वाढवण्याच्या विरोधात मीही आहे. पण या मुलांच्या मागण्या एकदा नीट वाचा. ब्रिटनमध्ये २०१९ पासून ‘टीच द फ्यूचर’ ही विद्यार्थ्यांची मोहीम चालू आहे. तिने केलेलं सगळ्यात मोलाचं काम मला वाटतं ते असं: इंग्लंडचा चालू अभ्यासक्रम घ्यायचा आणि जाणकारांकडून विषयवार, ओळीओळीत दुरुस्त्या सुचवून घ्यायच्या. इथे हा शब्द बदला, तिथे हे उदाहरण घाला. वेगळं पुस्तक नाही की वेगळा पेपर नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने २०२० मध्ये याच धर्तीवर निकष मंजूर केले आणि सप्टेंबर २०२२ पासून विज्ञानाबरोबर समाजशास्त्र, कला, अगदी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणातही हवामान बदल विणला. इटलीच्या शिक्षणमंत्र्यांनी २०१९ मध्ये वर्षाला ३३ तासांची घोषणा केली होती, तिचं जगभर कौतुक झालं. मला मात्र न्यू जर्सीची वाट जास्त पटते. तास वेगळे काढले की ते त्या एका शिक्षकाचं काम होऊन बसतं आणि बाकीचे हात झटकतात.

भीतीबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यावर मी बराच विचार केला. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातले ५९ टक्के हवामान बदलामुळे खूप किंवा प्रचंड चिंतेत होते आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो असं सांगितलं. पूर, वणवे, उष्णतेच्या लाटा मुलं रोज मोबाइलवर पाहतात. त्यावर समजुतीने बोलणारं मोठं माणूस मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. शाळा गप्प राहिली तर ती भीती मुलांना एकट्याने, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पेलावी लागते. वयाचं भान हवं, हे तुमचं शंभर टक्के खरं. सात वर्षांच्या मुलाला हिमनद्यांच्या विनाशाची चित्रं दाखवू नयेत, त्याला बी रुजताना दाखवावं, पावसाचं पाणी मोजायला द्यावं. पण पंधराव्या वर्षी खरं सांगायलाच हवं, आणि त्यासोबत काय करता येतं तेही.

काय शिकायचं हे मुलांनी ठरवू नये, याबद्दल एवढंच सांगतो की ती ठरवायला निघालेलीच नाहीत. ‘टीच द फ्यूचर’ मोहिमेतल्या मुलांनी स्वतः तयार केलेलं विधेयक २०२१ मध्ये खासदार नादिया व्हिटोम यांनी ब्रिटिश संसदेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. पण त्यांच्या ठळक मागण्यांमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. युनेस्कोच्याच पाहणीत ९५ टक्के शिक्षकांनी हा विषय शिकवणं महत्त्वाचं म्हटलं, पण त्याची तीव्रता समजावून सांगता येईल असा विश्वास ४० टक्क्यांहून कमी जणांना होता. मुलं शिक्षकांना बाजूला सारत नाहीयेत, त्यांच्यासाठी सरकारकडे वेळ आणि पैसा मागताहेत. विद्यार्थी ‘आम्हाला जास्त आणि नीट शिकवा’ म्हणून दारोदार फिरताहेत याचा, खरं सांगतो, मला अभिमान वाटतो.

म्हणून तुम्हाला एक विनंती. भूगोलाचा अभ्यासक्रम तुम्हाला तोंडपाठ आहे. वारे, सागरी प्रवाह, मृदा, लोकसंख्या, वाहतूक, यातल्या कुठल्या धड्यात काय बदलावं आणि त्याच्या जागी काय गाळावं, याची एक यादी कराल? गाळायचं काय हे ठरवणं जास्त अवघड आहे आणि तिथे तुमच्या अनुभवाची खरी गरज आहे. यादी पाठवलीत तर पुढच्या लेखात तुमच्या शब्दांत, काटछाट न करता देईन. माझ्याशी असहमत असलेले मुद्देही त्यात राहू द्या.