सक्षम प्राधिकारी कसे व्हाल?

सोसायट्यांची कामं बघणारा अधिकारी व्हायचंय? जरूर व्हा. ठाण्यात गिऱ्हाइकांना तोटा नाही. लोन फिटलं, केस पिकले, तरी जमीन बिल्डरच्याच नावावर, अशा सोसायट्या नौपाड्यापासून कळव्यापर्यंत पसरल्यात. फ्लॅटच्या मालकीचा मोफा कायदा 1963 चा. बिल्डरने चार महिन्यांत कन्व्हेयन्स द्यावं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करावी, असं त्याचे नियम सांगतात. तो देत नाही, म्हणून डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरला वगळून सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने तेच काम. सरकारी मराठीत ‘मानीव अभिहस्तांतरण’. हे न अडखळता म्हणता आलं की निम्मी परीक्षा पास.

सोसायटीच्या अर्जातल्या त्रुटी एकेक करून काढा. आधी प्रॉपर्टी कार्ड जुनं आहे म्हणा. नवं आणलं की ठरावावरचा शिक्का पुसट म्हणा. शिक्का उमटेपर्यंत प्रॉपर्टी कार्ड पुन्हा जुनं होतं.

फाइल कामाच्या सात दिवसांत हलवा म्हणणारा 2005 चा कायदा बदल्यांचाही आहे. त्यातलं बदल्यांचं तेवढं पाठ करा.

मग सुनावणी. नोटीस सोमवारी संध्याकाळी पोचेल अशी काढा, तारीख मंगळवार, सकाळी अकरा. स्वतः मात्र मानीव हजर राहा. म्हणजे खुर्चीवर पंचा, टेबलावर चष्मा, आणि शिपाई सांगणार, “साहेब व्हीसीत आहेत,” म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. बाराला व्हीसी, एकला व्हीसी, दोनला जेवण. बिल्डरचा वकील साडेअकराला डोकावून हसत निघून जातो. त्याला कोण कळवतं कोण जाणे! आमच्या खजिनदार काकांना मात्र कुणी कळवत नाही. वय 74, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, लिफ्ट बंद, तिसरा मजला. रेलिंग धरून, दर जिन्यावर थांबत चढले. बसायला एकच बाक, त्यावर फायलींचे गठ्ठे. साडेतीनला उत्तर मिळालं, “पुढची तारीख कळवू.” ही पाचवी वेळ. काका जिना उतरताना बोलले नाहीत, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

जाऊ दे ते सल्ले. अहो साहेब, सहा महिन्यांत निकाल द्या, असं मोफाच्या कलम 11 मध्ये लिहिलंय. आमचं दुसरं वर्ष चालू आहे. इमारत गळतेय, जमीन नावावर नाही म्हणून रिडेव्हलपमेंट अडलंय, आणि तुम्ही म्हणे ‘सक्षम प्राधिकारी’! लाज वाटत नाही? निकाल राहू दे, उद्या बसणार नाही एवढा एक फोन आदल्या दिवशी करता येत नाही? माझा नंबर अर्जाच्या प्रत्येक पानावर आहे. तुमच्याच क्लार्कने त्रुटी काढून लिहायला लावलाय.