पोरांकडं देण्यासारखं काहीतरी पाहिजे

आपल्या मराठवाड्यातली स्काऊट-गाईडची मुलं राज्य मेळाव्याला किंवा जांबोरीला, म्हणजे स्काऊट-गाईडच्या मोठ्या मेळाव्याला, निघतात तेव्हा त्यांच्या बॅगेत सगळं असतं. ताट-वाटी, सतरंजी, दोरी, बॅटरी, आईनं फडक्यात बांधून दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी. आपल्या जिल्ह्याचा भरतकाम केलेला एक साधा पॅच मात्र नसतो. तो असलाच पाहिजे आणि पुढच्या जिल्हा मेळाव्यापासूनच असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पोस्ट लांबणार आहे, पण स्काऊट शिक्षक आणि गाईड कॅप्टन मंडळींनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

जानेवारी २०२३ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या रोहटला अठरावी राष्ट्रीय जांबोरी झाली. उद्घाटनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या. दिवसभराचे कार्यक्रम उरकले की संध्याकाळी तंबूंच्या मधल्या वाटांवर पोरांची अदलाबदल सुरू व्हायची. कुणी जमिनीवर टॉवेल अंथरून त्यावर पॅच मांडून बसलेलं, कुणी वहीच्या पानांत टाचून फिरणारं. दक्षिणेकडचा एक मुलगा आमच्या पथकातल्या पोराजवळ आला, स्काऊटच्या रीतीनं डावा हात मिळवला आणि उजव्या तळहातावरचा पॅच पुढं केला. आमचं पोरगं पळत माझ्याकडं आलं. "सर, ते पोरगं मला बॅज द्यायलंय. म्या काय देऊ त्याला? माझ्याकडं तर काहीच नाही." शेवटी त्यानं खिशातला पेन दिला. दुसऱ्या एकानं तर शर्टावरचा तृतीय सोपानचा, म्हणजे तिसऱ्या पायरीचा, बॅज उसवायला घेतला होता. त्याला मी थांबवलं.

का थांबवलं, ते महत्त्वाचं आहे. सोपानचे बॅज, प्रावीण्याचे बॅज, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही कमाई आहे. गाठी शिकून, प्रथमोपचाराची परीक्षा देऊन, बिनभांड्याचा स्वयंपाक करताना धूर खाऊन ती मिळवलेली असते. ती कुणाला द्यायची नसते आणि कुणाकडून घ्यायचीही नसते. अदलाबदल होते ती मेळाव्याच्या, शिबिराच्या, जिल्ह्याच्या, पथकाच्या पॅचची. अमेरिकेत हा छंद फार जुना आणि फार मोठा आहे, पण तिथंही मिळवलेल्या बॅजला हात लावायचा नाही ही मर्यादा पाळतात. तिथला आणखी एक संकेत मला फार आवडतो. मुलांनी मुलांशीच अदलाबदल करायची आणि मोठ्यांनी मोठ्यांशी. मोठा माणूस आठवीतल्या पोराकडून दुर्मीळ पॅच साध्याच्या बदल्यात काढून घेऊ शकतो, म्हणून ही काळजी. आपल्याकडंही हे पहिल्या दिवसापासून पाळावं.

"चिंध्या गोळा करून काय होणार सर?" हे मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलेलं आहे. पालकांकडूनही ऐकलेलं आहे. त्यांना मी एकच गोष्ट करायला लावतो. पॅच हातात द्यायचा आणि उलटा करून बघायला सांगायचं.

पुढच्या बाजूला चित्र असतं, ते सगळेच बघतात. पाठीवर खरी माहिती असते. एका रंगावरून दुसऱ्या रंगाकडं गेलेल्या धाग्याच्या उड्या दिसतात, खालच्या बॉबिनचा पांढरा दोरा दिसतो, मागं बकरम लावलाय, जाळीचं कापड आहे की प्लास्टिकचा थर आहे ते कळतं. कडेवरून नख फिरवलं तर ती नुसती कापलेली आहे की जाड गोफासारखी दोऱ्यानं वेढलेली आहे, हे समजतं. अमेरिकन पॅचमध्ये कापलेली कड साधारण जुन्या काळाची, वेढलेली कड आणि प्लास्टिकची पाठ नंतरच्या काळाची. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला आणि जुना म्हणून दाखवलेल्या पॅचचा दोरा निळसर पांढरा चमकला, तर संशय घ्यायचा, कारण कापड उजळवणारी ती रसायनं नंतरच्या काळातली. सातवीच्या मुलाला इतिहासाचं साधन तपासायला शिकवायचं तर यापेक्षा हाताशी काय आहे?

आणि इतिहास तर पोत्यानं आहे. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं, तिथल्या मुलांना पितळी फ्लर-द-ली, म्हणजे ते तीन पाकळ्यांचं फूल दिलं होतं. पहिली जागतिक जांबोरी १९२० ची, लंडनच्या ऑलिंपियात. आपल्याकडं सुरुवातीला ही चळवळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती, म्हणून अॅनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची उभी केली. या संघटना फुटत-जुळत गेल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संघटना झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गर्ल गाईड्सही त्यात आल्या. आजच्या चिन्हात स्काऊटचं फूल, त्यावर गाईडचं त्रिदल पान आणि मधोमध अशोकचक्र आहे, ते या जुळणीतूनच. तेव्हा घरातल्या ट्रंकेत एखादा बॅज सापडला तर आधी मधोमध बघा. अशोकचक्र असेल तर तो स्वातंत्र्यानंतरचा. नसेल तर जपून ठेवा आणि कुणा जाणकाराला दाखवा.

जागतिक चिन्हाचंही एक सांगतो. जांभळ्या कापडावर पांढरं फूल, भोवती दोरी आणि दोरीला खाली रीफ नॉटची गाठ. पाकळ्यांवर दोन तारे आहेत. दोन्हींची मिळून दहा टोकं म्हणजे स्काऊटचे दहा नियम. आपल्या संघटनेत नियम नऊ आहेत. हे एका पोरानं स्वतः टोकं मोजून मला विचारलं होतं, "सर, आपला एक नियम कुठं गेला?" धड्यात वाचून हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

आता मराठवाड्याचं. स्वतंत्र भारतातली पहिली राष्ट्रीय जांबोरी १९५३ मध्ये झाली आणि ती हैदराबादला झाली. तेव्हा आपण हैदराबाद राज्यातच होतो. १९५६ पर्यंत होतो. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे सगळे त्या राज्याचे जिल्हे. म्हणजे देशातली पहिली जांबोरी आपल्या स्वतःच्या राजधानीत भरली होती! आपल्या भागातून कोण गेलं होतं, कुणाच्या आजोबांनी तिथून काय आणलं होतं, याची एका जागी नोंद केलेली मला कुठंही दिसलेली नाही. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आपण निदान १७ सप्टेंबरला तरी काढतो. या आठवणी दिवाळीच्या साफसफाईत गणवेशाबरोबर बोहारणीला दिल्या जातात.

म्हणून माझं म्हणणं असं की, प्रत्येक जिल्ह्यानं आपला पॅच काढावा. सगळ्यांनी अजिंठा-वेरूळच लावू नये, एवढी मात्र कळकळीची विनंती. छत्रपती संभाजीनगरला ते शोभतं, त्यांच्याकडं दौलताबादही आहे. धाराशिवनं नळदुर्गचा पाणीमहाल घ्यावा, त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे निळ्या-पांढऱ्या दोऱ्यात काय दिसतील! हिंगोलीला औंढा नागनाथ, लातूरला उदगीरचा किल्ला किंवा खरोसा लेणी, नांदेडला कंधारचा किल्ला, परभणीला चारठाण्याचा दीपस्तंभ, बीडला पाण्यातला कंकालेश्वर. जालन्याचं जालनेकरांनी ठरवावं, त्यांच्यात वाद व्हायलाच पाहिजे. पैठणीच्या पदरावर मोर विणणारा आणि हिमरू विणणारा हा मुलूख आहे. चार बोटांच्या कापडावर आपली ओळख भरायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

खर्चाचं रडगाणं नको. तालुक्याच्या गावातसुद्धा आता ब्लाऊजवर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करून देणारी दुकानं आहेत. डिझाइन मशीनवर चढवायचा खर्च एकदाच येतो, त्यामुळं नग जितके जास्त तितका एक नग स्वस्त पडतो. चित्र मुलांकडून काढून घ्या, स्पर्धा ठेवा. रंग चार-पाचच ठेवा आणि अक्षरं मोठी, कारण बारीक देवनागरी मशीनवर गुंतते, अनुस्वार तर हमखास बुजतो. पैसे 'खरी कमाई'तून, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून मिळवलेल्या पैशातून, उभे राहतात. भेळ विकून मिळवलेल्या पैशातून आपला पॅच काढणारं पोरगं तो फुकट उधळणार नाही.

गणवेशावर काय लावायचं याचे नियम ठरलेले आहेत, ते मोडायचे नाहीत. बाहेरच्या देशांत मुलं जमवलेले पॅच ब्लँकेटवर शिवतात आणि ते शेकोटीला पांघरून बसतात. आपल्याकडं त्यासाठी वाकळ आहे. आमच्या पथकातल्या एका मुलीच्या आजीनं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून दिली आणि मधले चौकोन मोकळे ठेवले, नातीच्या पॅचसाठी. कडेनं लाल दोऱ्याचे धावते टाके, मधे राजस्थानचा उंट, शेजारी केरळची होडी. असली वस्तू कुठल्या दुकानात मिळते का सांगा.

जुने पॅच मात्र शिवू नका, धुऊ नका, रंग उतरतो. इस्त्रीही नको. वहीत फेव्हिकॉलनं चिकटवू तर मुळीच नका. टाचणीचा गंज लागतो, म्हणून टाचणीही नको. उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळ्यात कसर लागली का ते बघत जा. प्रत्येकाच्या मागं एक चिठ्ठी ठेवा, कुणी दिला, कुठं दिला, कधी दिला. विकत घेतलेला पॅच मी वाईट म्हणत नाही, पण त्याच्या चिठ्ठीवर लिहायला किंमतीशिवाय काही नसतं. हातोहात मिळालेल्याच्या चिठ्ठीवर एका मुलाचं नाव असतं, त्याचं गाव असतं.

जिल्हा मेळाव्यात अदलाबदलीसाठी शेकोटीच्या आधीचा एक तास राखून ठेवावा, असं मी आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत मांडणार आहे. तुम्ही तुमच्याकडं मांडा. आणि ज्यांच्या घरी जुने बॅज, स्कार्फ, मेळाव्याची प्रमाणपत्रं असतील त्यांनी खाली फोटो टाका, बॅजचा पुढून एक आणि मागून एक. हैदराबादच्या जांबोरीला गेलेले कुणी आजोबा तुमच्या गावात असतील तर त्यांना आधी भेटा. मुलांना सोबत घेऊन जा, त्यांनाच विचारू द्या.