कबूल कर आणि मोकळा हो

सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांच्या मुलाला कोर्टाचं समन्स आलंय, राँग साइडनं बाईक घातली म्हणून. मी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "अहो काही नाही, किरकोळ आहे. वकीलबिकील कशाला? सांगितलंय त्याला, कबूल कर, हजार रुपये भर आणि मोकळा हो." मी नुसती हसले. संध्याकाळ झाली तरी त्या हसण्याचा राग येतोय, म्हणून लिहायला बसलेय.

कारण हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द. 2016 साली तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी ते माझ्या धाकट्या भावाला म्हटलं होतं.

तेव्हा तो 22 वर्षांचा. वळसा वाचवायला राँग साइडनं आला आणि समोरून सायकलवर येणाऱ्या एका आजोबांना घासला. कोपर सोललं, गुडघ्याला टाके पडले. त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं आणि गुन्हा दाखल झाला: आयपीसी, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 279 (बेदरकार गाडी चालवणं) आणि 337 (त्यातून दुखापत करणं). तारखेला आम्ही गेलो. पुकारा झाला, साहेबांनी मान वर न करता विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" हा माझ्याकडे बघतोय. मी मान हलवली. "कबूल." दोन्ही कलमांचे मिळून 1500 रुपये दंड, न भरल्यास सात दिवस साधी कैद. खिडकीवर पैसे भरले, पावती घेतली आणि अर्ध्या तासात बाहेर चहा पीत होतो. मी किती खूश होते! सुट्टी अर्ध्या दिवसाचीच पडली म्हणून.

आता मुद्दा ऐका, कारण आपल्यातल्या भल्याभल्यांना हा फरक माहीत नसतो. हेल्मेट नाही म्हणून ई-चलान आलं आणि तुम्ही ते भरलं, तर ती मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खालची तडजोड. पैसे भरले, विषय संपला, तुमच्यावर कुठलाही गुन्हा सिद्ध झालेला नसतो. पण कोर्टात उभं राहून "कबूल" म्हणालात की ती दोषसिद्धी. दंड शंभर रुपयांचा असो की हजाराचा, कागदावर तुम्ही दोषी. पावती दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून आपण फसतो.

आणि राँग साइडला दरवेळी चलानच लागतं असं थोडंच आहे? पोलीस थेट गुन्हाही दाखल करतात. जुन्या 279 च्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 281 आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काकांना त्यातले हजार तेवढे दिसले.

भावाचं पुढे काय झालं? 2019 ला सरकारी नोकरीत निवड झाली. घरात पेढे. मग साक्षांकन नमुना आला, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म. त्यात सरळ प्रश्न: तुमच्यावर कधी खटला, दंड, शिक्षा? त्यानं "नाही" लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून नाही हो! त्याच्या लेखी तो ट्रॅफिकचा दंड होता. माझ्याही लेखी. तो फॉर्म आमच्या डायनिंग टेबलवर भरला गेलाय, माझ्याच पेनानं. चारित्र्य पडताळणीत केस निघाली. कारणे दाखवा नोटीस, आणि पाच महिन्यांनी उमेदवारी रद्द. गुन्ह्यासाठी नाही, लपवला म्हणून.

सुप्रीम कोर्टानं 2016 मध्येच सांगितलंय की तरुण वयातला किरकोळ गुन्हा लपवला असेल तर नोकरी देणारा तो माफ करू शकतो. करू शकतो. केलाच पाहिजे असं नाही. आमच्या वाट्याला "शकतो" आला.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते या पुढच्या गोष्टीनं. 1958 पासून परिवीक्षेचा, म्हणजे दोषीला शिक्षेऐवजी समज किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा (प्रोबेशनचा) कायदा आहे. पहिलाच, असा लहान गुन्हा असेल तर कलम 3 खाली कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं, आणि कलम 12 म्हणतं की अशा माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. फॉर्ममध्ये खरं लिहावं लागलंच असतं, पण लिहायला जरा बरं काही असतं. साधा एक अर्ज! व्हरांड्यात काळ्या कोटातली वीस माणसं फिरत होती. मी एकालाही विचारलं नाही, कारण मला दुपारी ऑफिस गाठायचं होतं.

हो, माहितीये. रोजंदारीवरचा माणूस तारखांवर तारखा करू शकत नाही, त्याला कबूल करून सुटणंच परवडतं. त्याला मी काही शिकवणार नाही. पण काकांकडे दोन गाड्या आहेत आणि मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय.

आणि हेही लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेलच: चूक भावाचीच होती. तो राँग साइडनंच आला होता. नियम मोडून वर "सिस्टीम" म्हणून ओरडणाऱ्यांतली मी नाही. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. फक्त आपण कशाला मान हलवतोय, ते त्याला आणि मला कळायला हवं होतं.

रात्री काकांकडे जाऊन हे सगळं सांगून आले. काकू ऐकत होत्या, काका टीव्हीकडे बघत होते. तारीख गुरुवारी आहे.

पोस्ट टाकण्याआधी भावाला वाचून दाखवली. म्हणाला, टाक, पण त्या आजोबांचं नीट लिही. त्यानं कबूल केल्यामुळे त्यांना साक्षीला बोलवावंच लागलं नाही. कोर्टात त्यांना कुणी काही विचारलं नाही, नंतर आम्हीही नाही. मग जरा थांबून म्हणाला, "ताई, त्यांच्या सायकलचं पुढचं चाक वाकलं होतं. ते आपण भरून दिलं होतं का गं?"

मला आठवत नाहीये.