कुंडीत नुसती काळी माती नको

'अंगणातली माती कुंडीत भरा आणि टोमॅटो लावा, खर्च शून्य' हे घरी कुंडीत भाजी लावून पैसे वाचवण्यावरच्या एका लेखातलं वाक्य इंदूरच्या वाचकाला थेट नुकसानीत नेईल. आपली माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच राहतात. वरून बघणाऱ्याला वाटतं की पाणी भरपूर झालं! काळी माती एक भाग, जाड वाळू एक भाग आणि चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग असं मिश्रण करा. खत ताजं असेल तर रोपं करपतात. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायला विसरू नका.

पैसे वाचवायचे असतील तर सुरुवात टोमॅटोने नाही, कोथिंबीर-मेथीने करा. रोज थोडी लागते आणि विकत आणलेली जुडी अर्धी सडते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. मेथी महिन्याभरात कापायला येते, कोथिंबिरीला दहा-पंधरा दिवस जास्त. पेरणी ऑक्टोबर ते जानेवारीतच करा, कारण उन्हाळ्यात कोथिंबीर पानं सोडून फुलावर जाते. खत तर घरचंच होईल, ओला कचरा वेगळा ठेवायची सवय इंदूरकरांना आहेच. फक्त त्यात दुप्पट सुका पाला घाला, नाहीतर वास सुटतो.