दाजी, रस्ता पाणी प्यायला तरी गटार लागतंच

"परदेशात रस्ताच पाणी पितो, मिनिटात 4000 लिटर! असं डांबर सांगलीत टाका. गटार नको, खड्डे नाहीत, पूरही येणार नाही." हा फॉरवर्ड दोनदा आला, सोडून दिला. परवा दाजींनी तो शामरावनगरातल्या त्यांच्या कॉलनीच्या बैठकीत वाचून दाखवला आणि गटाराची वर्गणीच थांबली. आता बोलतो.

व्हिडिओत दिसतंय ते मुळात डांबरच नाही. 2015 साली ब्रिटनच्या टारमॅक कंपनीने दाखवलेलं सच्छिद्र काँक्रीट आहे ते, गाड्या लावायच्या जागेत ओतलेलं.

आता गटार. पाणी आत घेणारं सच्छिद्र डांबरही असतं. त्यात बारीक कच फार कमी घालतात, म्हणून 20 टक्क्यांच्या आसपास पोकळी राहते. नेहमीच्या डांबरात ती 4-5 टक्के. पण महामार्गावर हा फक्त वरचा, 4-5 सेंटिमीटरचा थर. खालचा थर मुद्दाम पाणबंद ठेवतात. पाणी जमिनीत मुरत नाही, आतल्या आत उताराने कडेला येतं. नेदरलँड्सच्या मुख्य महामार्गांवर जवळपास सगळीकडे हेच डांबर आहे, आणि तिथंही कडेचं पाणी काढून द्यावं लागतंच. ताईच्या स्वयंपाकघरात मी परातीत चाळण ठेवली, वरून तांब्या ओतला. परात भरली आणि पाणी चाळणीतून वर आलं. ताई हसली, दाजी चहा घेत राहिले.

पाणी जमिनीत सोडणारा प्रकारही असतो, खाली खडीचा जाड थर देऊन. पण शामरावनगरची काळी माती पावसात फुगते, भेगा मिटतात, मग ती पाणी घेतच नाही. पावसाळ्यात तिथं हातभर खड्डा खणून बघा.

पुराचं तर काय बोलावं! 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45. ते पाणी रस्त्यावर पडलेलं नव्हतं, नदीतून आलेलं होतं.

खड्डे? या थराची खडी उलट लवकर सुटते. डच लोकही तो 10-12 वर्षांत बदलतात. शिवाय छिद्रं मातीने बुजतात. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या शेतातला चिखल थेट डांबरावर आणतात, म्हणजे एका हंगामात काम तमाम.

एक खरं, मान्य करतो. भर पावसात या डांबरावर पुढच्या ट्रकचा फवारा काचेवर फारसा येत नाही आणि टायरचा आवाज कमी होतो. पेठनाका ते कराड रात्री गाडी चालवताना ते मलाही हवंय. पण ती महामार्गाची गोष्ट झाली, तुमच्या गल्लीत ट्रकच्या मागे कोण धावतंय?

रविवारी पुन्हा बैठक आहे म्हणे. दाजी, येताना चाळण आणि परात घेऊन या.