काका, अंगठा नको!

स्कूबा डायव्हिंगच्या फॉर्मवर ‘पोहता येतं का?’ असा एक रकाना होता. मी ‘होय’ लिहिलं. बायकोने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फॉर्मकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझा आणि पाण्याचा संबंध पाहिला होता तो फक्त बादलीपुरता.

पण ते अगदीच खोटं नव्हतं. मी वाळवा तालुक्यातला. आमच्याकडे पोहायला शिकवत नाहीत, ढकलतात. तरंगायला पाठीला पांगिऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा, चुलत्याने मागून ‘ते बघ काय’ म्हणायचं आणि आपण बघेपर्यंत विहिरीत. असा मी एका मे महिन्यात चार दिवस पोहलो. पाचव्या दिवशी विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि माझं शिक्षण तिथेच थांबलं. ते पुढे चालू करावं असं कधी कुणाला वाटलं नाही, मला तर नाहीच.

फॉर्म देऊन झाल्यावर कळलं की पोहता न येणाऱ्यांनाही खाली नेतात, हात धरून. म्हणजे मी खोटं बोललो ते फुकटच.

हे सगळं मेव्हण्याचं काम. आम्ही पणजीला उतरलो होतो. ‘भावोजी, एकदम मत्स्यालयात पोहल्यासारखं,’ असं तो म्हणाला आणि मी विरघळलो. चौथीच्या सहलीत चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, १९५१ सालचं. मी काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिलो की गुरुजींनी कान धरून मागे ओढला. आपण काचेच्या आत असतो तर गुरुजींचा हात पोचला नसता, असा विचार तेव्हा मनात आला होता. तो इतक्या वर्षांनी कुणीतरी मनावर घेतला.

आता कुणी म्हणेल, बायकोचं माहेर मालवण. तिथे तारकर्लीला हाच उद्योग दारात चालतो, त्यासाठी गोव्याला कशाला? त्याचसाठी. मालवणात गटांगळी खाल्ली असती तर संध्याकाळपर्यंत वरच्या आळीपासून बंदरापर्यंत बातमी गेली असती. गोव्यात आपल्याला कोण ओळखतं?

सासूबाई आमच्यासोबत होत्या, पण बोटीवर यायला त्यांनी साफ नकार दिला. ‘माका समुद्र काय नवो नाय,’ म्हणाल्या, आणि पणजीच्या बाजारात कुठे काय मिळतं ते बघायला गेल्या.

बोट मांडवीतून निघाली. उजव्या हाताला आग्वादचा किल्ला, पोर्तुगिजांनी १६१२ साली बांधलेला, आणि खाली पाण्याला लागून जुना तुरुंग. तुरुंगाच्या भिंती बघून मला प्रथमच वाटलं की आतल्या लोकांचं तसं बरं होतं, पायाखाली जमीन तरी होती. पुढे डॉल्फिन दिसले. म्हणजे सगळे ‘तो बघा’ म्हणाले आणि मी बघेपर्यंत तिथे पाणी होतं. नदी सुटून समुद्र लागला, बोट डावीकडे ग्रँड आयलंडच्या दिशेला वळली, आणि मालवणचा माणूस, खाऱ्या पाण्यात वाढलेला, सात पिढ्यांचा दर्यावर्दी म्हणवणारा माझा मेव्हणा कठड्यावर ओणवा झाला. सकाळची पुरी-भाजी गेली. चहाही गेला. बोटीवरचा खलाशी त्याच्या पाठीवर थोपटत ‘भियेनाकात’ म्हणत होता. मला अतिशय बरं वाटलं, त्याबद्दल मी आजही लाजत नाही.

बेटाच्या आडोशाला बोट थांबली आणि आम्हाला वेटसूट मिळाले.

वेटसूट म्हणजे काळ्या रबरी कापडाचा अंगरखा, घोट्यापासून गळ्यापर्यंत. तो ओला असतो, आधीच्या माणसाने ओला केलेला, आणि कशाने ओला केलेला हे विचारायचं नसतं. पाय गेले. मांड्यांपाशी गाडी अडली. गादीवाला जसा गुडघा लावून कापूस कोंबतो तसा एका पोराने मला त्यात कोंबला. चेन पाठीला असते. ती वर ओढताना त्याने ‘काका, पोट आत’ असं सांगितलं. मी म्हटलं, आतच आहे. त्याने दुसऱ्या पोराला बोलावलं. चेन लागली तेव्हा माझा आवाज बदलला होता.

आमचा शिकवणारा मुलगा पंचविशीचा, काळासावळा, चपळ. त्याने प्रथम माझं गाव विचारलं, मग सासुरवाडी. मी बेसावधपणे मालवण म्हणालो. ‘मालवणात कोणाचे जावई?’ तो वेंगुर्ल्याचा निघाला. त्याची मावशी आमच्या सासूबाईंच्या आळीत राहते. झालं.

मग मास्क. काच आतून धुरकट होऊ नये म्हणून तिच्यावर थुंकायचं, बोटाने पसरायचं आणि विसळायचं. ‘थुंका, काका.’ उभा जन्म ‘येथे थुंकू नये’ वाचण्यात गेला. एसटीत, जिन्यात, सरकारी कचेरीत. आणि आज कुणीतरी प्रथमच अधिकृतपणे थुंकायला सांगतंय, तर तोंडाला कोरड. माझा मास्क शेवटी बायकोने थुंकून दिला. साथ देणं म्हणतात ते हेच असावं.

सूचना झाल्या. श्वास फक्त तोंडाने, आणि तो कधीही कोंडायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, तशी फुफ्फुसातली हवा फुगते. ती कोंडून धरली तर... इथे त्याने वाक्य सोडून दिलं. दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो, पण आपण तितकं जाणार नाही, फक्त पाच-सहा मीटर. मी मनात आमच्या विहिरीच्या पायऱ्या मोजल्या. कान दुखले की नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं. मग खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. पंजा आडवा हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’, आणि मग जिथे बिघडलंय तिथे बोट दाखवायचं. अंगठा खाली म्हणजे खाली चला. अंगठा वर म्हणजे वर न्या.

‘नीट लक्षात ठेवा काका, अंगठा म्हणजे छान नाही.’

मी अंगठा वर करून ‘समजलं’ म्हणालो.

खाली गेलो. पहिली काही सेकंदं फक्त आवाज होता, माझ्याच श्वासाचा, प्रेशर कुकर शिट्टीला येतो तसा. मत्स्यालयातल्या निळ्याशार पाण्याचा पत्ता नव्हता. आपल्या या किनाऱ्याला मांडवी आणि जुवारी दोघी आपापला गाळ आणून सोडतात. मुगाच्या कढणात उतरल्यासारखं वाटत होतं. चार हातांवरचं दिसत होतं, पुढे सगळं हिरवट. तेवढ्यात त्या हिरव्यातून पिवळसर माशांची एक पलटणच्या पलटण आली, प्रत्येकाच्या अंगावर पाच काळे उभे पट्टे. इंग्रजीत यांना सार्जंट मेजर म्हणतात. माझ्या नाकासमोरून त्यांनी संचलन केलं. मी खरोखर हरखलो. पोराने बोटांचा गोल करून विचारलं, ठीक? आणि मी, आनंदाने, दोन्ही अंगठे वर केले.

त्याने मला वर नेलं.

‘काय झालं काका?’ काही नाही, छान वाटत होतं. ‘मग अंगठा नको, काका.’ पुन्हा खाली. या खेपेला एक मोठा मासा खडकाखालून तोंड काढून बसला होता, जाड ओठांचा, दुपारी ओट्यावर बसलेल्या आजोबांसारखा नाराज. गोब्रा असणार. इतका जवळ जिवंत गोब्रा मी कधी पाहिला नव्हता, ताटात पाहिला तोही तुकड्यांत. पोराने खूण करून विचारलं, दिसला? माझा हात आपोआप वर गेला. पन्नाशीला आलेला हात आहे, लग्नाच्या फोटोंपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे त्याने हेच केलंय.

पुन्हा वर. पोर आता काही बोलला नाही. फक्त माझा अंगठा धरून मुठीत दुमडला.

तिसऱ्यांदा थोडं आणखी खाली गेलो आणि कानात सुया टोचायला लागल्या. आता मात्र मला खरोखर वर यायचं होतं. मी अंगठा वर केला. पोराने मान हलवली, नाही काका, असा नाही, आणि प्रेमाने बोटांचा गोल करून दाखवला. मी पुन्हा अंगठा दाखवला. त्याने पुन्हा गोल. पाण्याखाली सहा मीटरवर आमची अशी शिकवणी चालली होती. बिघाडाची खूण मी विसरलो होतो. घाबरून मी हात जोडले. त्यानेही हात जोडले, संस्कारी मुलगा. शेवटी मी दोन्ही कान धरले. ते एकदाचं त्याला कळलं. त्याने स्वतःचं नाक दाबून दाखवलं, मी फुंकलं, कानात ‘फट्’ झालं आणि दुखणं असं गेलं की जणू नव्हतंच. (बायको म्हणते, तुम्ही कान धरलेले मला वरून दिसले असते तरी मी सगळं माफ केलं असतं.)

वर येऊन शिडी चढणं हा स्वतंत्र विषय आहे. दोघे वरून ओढत होते, एक खालून रेटत होता. २००० सालच्या पावसाळ्यात कांदोळीला रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज किनाऱ्यावरून हलायला बारा वर्षं गेली. माझं काम चार मिनिटांत झालं, आणि हे माझं वजन बघता कौतुकास्पद होतं.

संध्याकाळी पाण्याखालचा व्हिडिओ फोनवर आला. मेव्हण्याने तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात मी मुठी वळून दोन्ही अंगठे वर केलेला, डोळे मास्कच्या काचेला टेकलेले, वर यायला तडफडतोय. सतरा जणांनी उत्तर दिलं. सतरा अंगठे.

सासूबाईंनी चश्मा लावून व्हिडिओ बघितला. माझ्याकडे नाही, मागे. मी त्यांना सांगत होतो, गोब्रा एवढा होता, आणि हात पसरून दाखवत होतो. मेव्हण्याने पुस्तकी ज्ञान पाजळलं: मास्कमधून पाण्यातली वस्तू असते त्याच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते, तेव्हा भावोजी, हात जरा जवळ घ्या. सकाळची पुरी-भाजी विसरला होता.

सासूबाईंनी व्हिडिओ थांबवला. ‘ही तांबोशी.’

मी म्हटलं, नाही हो, तांबोशी लाल असते, ते सगळे करड्या रंगाचे होते. यावर मेव्हणा पुन्हा म्हणाला की पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी मरतो, पाच मीटरवर लाल ते करडंच दिसणार.

‘मासो तोंडान वळखूचो, रंगान न्हय,’ सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी व्हिडिओ पुन्हा चालू केला. पडद्यावर तांबोशी माझ्या खांद्यामागून सावकाश गेली आणि पुढे मी दोन्ही हात जोरजोरात हलवत होतो.

‘इतकी जवळ होती,’ त्या म्हणाल्या, ‘नि तुमी हात हलवीत इलात?’

मी काही बोललो नाही. नुसता अंगठा वर केला.