बोरिवलीला उतरणारी झडप

पावसाळी नाल्याच्या समुद्राकडील तोंडाला बसवायची एक रबरी झडप तीन आठवडे माझ्या संगणकात मुक्कामाला होती. ओहोटीला नाल्यातल्या पाण्याने तिला ढकलून बाहेर पडावे आणि भरतीला समुद्राने तिला दाबून बंद ठेवावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून घर गाठलेल्या माणसाला अशा झडपेविषयी जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. पाणी रबराला कसे वाकवते आणि वाकलेले रबर पाण्याला कसे वळवते, हे एकत्र मोजणारे सिम्युलेशन मी मोठ्या उमेदीने सुरू केले. चहा घेऊन परतलो, तेव्हा अवघ्या ०.०३ सेकंदात झडपेचे टोक ६० किलोमीटर सरकलेले होते. म्हणजे चर्चगेटहून विरार, आणि तेही एकही सिग्नल न लागता.

हे घरी सांगण्याची चूक मी केली. तेव्हापासून आई रोज रात्री पान वाढताना विचारू लागली, "आज कुठवर गेली रे तुझी झडप?"

पहिला संशय अर्थातच माझ्यावरच घेतला आणि तो खरा निघाला. रबराचा ताठरपणा मेगापास्कलऐवजी पास्कलमध्ये वाचला जात होता, त्यामुळे माझी झडप दुधावरच्या सायीहून मऊ होती. ते सुधारले, तरी झडप विरारलाच गेली. मग ऑफिसातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले, "टाइम स्टेप दहापट लहान करा." टाइम स्टेप म्हणजे सिम्युलेशन वेळेत ज्या पायरीने पुढे सरकते ती पायरी. आमच्या व्यवसायात हा सल्ला 'भरपूर पाणी प्या' या सल्ल्यासारखा असतो, तो कोणालाही, कशावरही देता येतो. मी तो पाळला, तेव्हा झडप आधीपेक्षा लवकर निघाली आणि डहाणूच्याही पुढे गेली. टाइम स्टेप शंभरपट लहान केली, तेव्हा मेशमधल्या, म्हणजे गणितासाठी पाडलेल्या तुकड्यांच्या जाळीतल्या, एका घटकाचे घनफळ ऋण झाल्याचे कळवून प्रोग्रॅमने प्राण सोडला. कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या सोडल्या, तर मोजमाप शून्याखाली गेलेले मी कुठेही पाहिले नव्हते.

वैतागून मी नाल्यात पाण्याऐवजी हवा भरली. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो. झडप गुणी मुलीसारखी उघडली आणि मिटली. पाण्याची घनता १०००, रबराची साधारण ११००; म्हणजे भांडण तुल्यबळांत होते, पण ते नेमके कशावरून होते, हे मला त्याच संध्याकाळी विरार लोकलमध्ये उमगले.

बोरिवलीला उतरायचे असताना विरार गाडीत चढणे हा गुन्हा आहे, हे मला मान्य आहे. माझे वजन ६८ किलो. परंतु त्या डब्यात दाराकडे एक पाऊल टाकायचे, तर पुढच्या चौदा जणांना हलवावे लागते, त्यामुळे हलण्यापुरते माझे वजन त्या चौदा जणांसकट मोजावे लागते. यालाच शास्त्रात ॲडेड मास म्हणतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये रबराचे आणि पाण्याचे गणित सोडवणारे दोन वेगळे भाग, म्हणजे सॉल्व्हर, होते. रबराचा सॉल्व्हर पाण्याला एकदाच दाब विचारून घेई आणि मग डबा रिकामा असल्यासारखा धक्का देई. पाणी दबून घेणाऱ्यांतले नसल्यामुळे ते दुप्पट त्वेषाने उलटा धक्का देई, आणि पुढच्या पायरीला रबर त्याहून जोरात अंगावर येई. अशा भांडणात टाइम स्टेप लहान करणे म्हणजे भांडणाऱ्यांना बोलायच्या पाळ्या वाढवून देणे होय.

जाणता प्रवासी अंधेरी सुटल्यापासूनच "बोरिवली?" असे विचारत, थोडा सरकत, पुन्हा विचारत, बोरिवली येण्याआधीच सगळ्यांशी जुळवून घेतो. मी दोन्ही सॉल्व्हरांना तेच शिकवले. एकाच टाइम स्टेपमध्ये एकमत होईपर्यंत दोघांनी पुन्हा पुन्हा बोलायचे आणि समोरच्याच्या प्रत्येक उत्तरावर थोडाच विश्वास ठेवायचा. तो किती ठेवायचा, हे आधीच्या दोन फेऱ्यांतल्या चुकांवरून एटकेन या गणितज्ञाची रीत ठरवते. लग्न जुळवणाऱ्या मंडळींना ही रीत फार पूर्वीपासून ठाऊक असावी.

झडपेकडे वळण्यापूर्वी टुरेक आणि ह्रोन यांनी अशा प्रोग्रॅमांची परीक्षा घेण्यासाठी २००६ साली मांडलेली कसोटी चालवली. तिच्यात एका गोल खांबामागे ३५ सेंटिमीटर लांबीची लवचीक पट्टी प्रवाहात फडफडते आणि तिसऱ्या प्रकारात पट्टीची व द्रवाची घनता सारखीच असते. टोक मधल्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३४ मिलिमीटर हलले पाहिजे. माझे तेवढेच हलले, आणि मी ऑफिसात एकट्यानेच टाळी वाजवली. त्यानंतर झडप दोन रात्री चालली, कारण दर पायरीला पंधरा-पंधरा फेऱ्यांची वाटाघाट होत होती. तिसऱ्या सकाळी तिचे टोक ४१ मिलिमीटर उघडले आणि हलकेच मिटले.

रात्री आईने नेहमीचा प्रश्न विचारला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "एक्केचाळीस मिलिमीटर."

आमटीचा डाव तिच्या हातात तसाच राहिला. "एवढंच?" ती म्हणाली. "मग कुठे अडकली नाही ना, ते बघितलंस का?"

ते मी बघितले नव्हते. जेवण आटोपताच लॅपटॉप उघडला.